तिकीट पेंग्विनला लावा, उर्वशीला नको

राणीच्या बागेत जाऊन आलो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘पेंग्विन बघितले का?’ पूर्वी हत्तींबद्दल विचारायचे, त्याआधी वाघ-सिंहांबद्दल. ‘उर्वशी फुललीय का?’ असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

उर्वशी म्हणजे कोणी वाघीण नव्हे. मूळच्या ब्रह्मदेशातल्या एका झाडाचं हे आपल्याकडचं नाव. फुलायला लागलं की फांद्यांवरून लालसर गुलाबी झुंबरं लोंबतात, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत त्याची गणना होते आणि ते झाड भायखळ्यात, बेस्टच्या बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं आहे. गेल्या मार्चमध्ये मी त्याच्याखाली अर्धा तास उभा होतो. तेवढ्या वेळात शंभरेक माणसं तरी शेजारून गेली असतील. एका कुटुंबाने तिथे थांबून फोटो काढला, पण पाठ झाडाकडे होती. एका लहान मुलाने वर बघून बापाला विचारलं, ‘पप्पा, यात काय आहे?’ बापाने वर पाहिलं, झाडात पक्षीबिक्षी काही दिसत नाही याची खात्री केली आणि म्हणाला, ‘काही नाही रे, चल.’

बापाचा दोष नाही. त्याने दारावर प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढलं होतं. तिकीट ज्याचं, ते बघून झालं की मधलं सगळं ‘काही नाही’ होतं. माझं भांडण या ‘काही नाही’शी आहे.

ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था होती, तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेने आपला संसार भायखळ्याला हलवला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते नवी बाग खुली झाली. नाव अर्थातच व्हिक्टोरिया गार्डन्स. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबलेला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहत होता आणि शहराला संग्रहालयं, मनोरे, बागा यांची स्वप्नं पडत होती. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते नाना शंकरशेट, आणि तेच या कृषी-उद्यान संस्थेचेही पहिले भारतीय अध्यक्ष. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्या संग्रहालयासाठी खस्ता खाल्ल्या, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. म्हणजे नाव विलायतेच्या राणीचं असलं तरी बागेच्या पायात घाम बराचसा इथल्याच माणसांचा आहे.

बाग उभी करण्यामागे जॉर्ज बर्डवुड नावाचा एक डॉक्टर होता. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. आपण देवापुढे जाळतो त्या धुपाचा एक भाऊबंद सोमाली किनाऱ्यावरून येतो. बायबलच्या काळापासून त्याचा व्यापार चालत आलेला. पण तो नेमका कोणत्या झाडांचा डिंक, यावर युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत होत नव्हतं, कारण झाड कोणी नीट पाहिलेलंच नव्हतं. बर्डवुडने तिकडून जिवंत रोपं मागवली, याच बागेत वाढवली आणि त्यांवरून १८७० च्या सुमारास शोधनिबंध लिहिला. आपल्या डोंगरांवरच्या सालईच्या कुळातली ही झाडं. त्याने दिलेली नावं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आजही आहेत. हजारो वर्षांच्या कोड्याचा एक पदर भायखळ्याच्या वाफ्यात सुटला आणि बागेत याची एक पाटीसुद्धा माझ्या नजरेला पडली नाही. (असलीच तर कुठल्या तरी पेयाच्या स्टॉलमागे असेल.)

१८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली. प्राणी नंतर येत गेले आणि हळूहळू घरमालकासारखे वावरू लागले. आज पन्नासएक एकरांच्या या आवारात तीन हजारांहून जास्त झाडं आहेत, पावणेतीनशेहून अधिक जातींची. आफ्रिकेतली गोरखचिंच, जिचं खोड एखाद्या बुरुजासारखं फुगतं आणि जिची फुलं रात्री वटवाघळांसाठी उमलतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला कैलासपती, ज्याच्या खोडालाच फुलं लागतात आणि फुलात नागाच्या फण्याखाली पिंड दिसते, म्हणून आपण त्याला बिनदिक्कत शंकराचं करून टाकलं. पान द्रोणासारखं दुमडलेला कृष्णवड. आणि खरा सीता अशोक. सोसायट्यांच्या फाटकांवर रांगेत उभ्या असलेल्या उंच, लोंबत्या पानांच्या झाडाला आपण अशोक म्हणतो, तो अशोक नव्हेच. सीतेचा अशोक बघायचा असेल तर इथे यावं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी लोकांचं कौतुक आहे. सामान्य माणसाला प्राणीच हवेत. मी चिंचपोकळीचा. आमच्याकडे मे महिन्यात पाहुणे आले की एक दिवस चौपाटीचा आणि एक राणीच्या बागेचा, हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं असायचं. आई पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घ्यायची. मलाही तेव्हा हत्तीच बघायचा असायचा, आणि शाळेत कोणी फार माकडचाळे केले तर ‘राणीच्या बागेतून सुटून आलाय’ हे आम्हीही म्हणायचो. प्राण्यांवरच्या प्रेमाला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण त्या सहली आठवल्या की डोळ्यांसमोर पिंजरा येत नाही. सतरंजी कुठे पसरली होती ती सावली येते. गिरणीतून रात्रपाळी करून आलेला काका तिथे तोंडावर रुमाल टाकून दुपारभर झोपायचा. दहा बाय बाराच्या खोलीत त्याला अशी झोप कधी मिळाली नसेल. प्राणी बघायला अर्धा तास लागायचा. बाकीचा दिवस झाडांचा होता. आम्हाला ते कळत नव्हतं, एवढंच.

गिरणगावाला मोकळी जागा हा शब्द फार महागात पडलेला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद होती की गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना साधारण एक तृतीयांश जागा शहराला मोकळ्या जागेसाठी मिळावी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता, बांधकाम नसलेल्या तेवढ्याच जागेची करायची असं ठरलं. गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेली जागा असून असून किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला आणि लालबाग-परळच्या वाट्याला बागांऐवजी काचेचे मनोरे आले. म्हणून राणीच्या बागेतल्या एकेका एकराचा हिशेब करताना हा हरवलेला तिसरा हिस्सा विसरता येत नाही.

हा हिशेब २००७ च्या सुमारास बिघडणार होता. महापालिकेने चारशे कोटींहून अधिक खर्चाचा, परदेशी सल्लागाराकडून केलेला आधुनिकीकरणाचा आराखडा पुढे आणला: आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय. ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हे शब्द निविदेत दिसले की झाडांनी मुळं आवळून बसावं. काही नागरिक उभे राहिले, त्यात बायका पुढे होत्या. त्यांनी घोषणांच्या आधी एक साधी गोष्ट केली. झाडं मोजली. जाती ओळखल्या, यादी केली, आणि वारसा समितीपुढे जाऊन सांगितलं की तुमच्या नकाशात जी रिकामी जागा दिसते ती रिकामी नाही. आराखड्याला खीळ बसली, पुढे तो छाटून आला. मला या लढ्यातली ही मोजणी सर्वांत मोठी वाटते. नकाशावर झाड न दाखवणं ही ते तोडण्याची पहिली पायरी असते.

मग पेंग्विन आले. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन उतरले, त्यांतला एक ऑक्टोबरात दगावला, आणि मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी त्यांचं घर उघडलं. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी. मुंबईच्या मे महिन्यात त्यांना यंत्रं लावून गारव्यात ठेवावं लागतं. यावर वाद भरपूर झाला. पण तो झाला कोणत्या पक्षाने आणले, कोणत्या कंत्राटदाराला किती दिले, यावर. विरोधकांनी पेंग्विन हा शब्द शिवीसारखा वापरला, समर्थकांनी गर्दीचे आकडे फेकले. एका वनस्पती उद्यानाचा कारभार आपण कशाभोवती फिरवतो आहोत, हे विचारायला दोन्ही बाजूंना सवड मिळाली नाही.

आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून तिकीट वाढलं. पाच रुपयांचं पन्नास, मुलांचं दोनाचं पंचवीस. सवलत म्हणून कुटुंबाचं तिकीट शंभर रुपयांत; पण कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. ही व्याख्या कोणी केली असेल त्याने नागपाडा, मदनपुरा, घोडपदेव या बाजूला कधी पाहुणचार घेतलेला नसावा. तिथून बागेत कुटुंब येतं तेव्हा त्यात एक मावशी असते, तिची दोन पोरं असतात आणि शेजारची एक मुलगी असते, जिची आई कामावर गेलेली असते.

तिकिटाच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पाच रुपयांच्या काळात बागेत कचरा व्हायचा. प्राण्यांना खडे मारणारे, वेफर्स फेकणारे होते. पिंजऱ्यांची अवस्था बघवत नव्हती आणि आताची दालनं त्या जुन्या गजांपेक्षा प्राण्यांसाठी नक्कीच बरी आहेत. २०२० मध्ये औरंगाबादहून आणलेल्या शक्ती आणि करिश्मा या वाघांना मिळाली तशी जागा माझ्या लहानपणीच्या वाघाला मिळाली असती तर तो दिवसभर त्याच आठ पावलांत येरझाऱ्या घालत बसला नसता. यासाठी पैसा लागतो, हेही खरं. आणि पन्नास रुपये म्हणजे आज एक वडापाव-चहा, असं मला एका मित्राने ऐकवलं. त्याचं म्हणणं एकट्या माणसाला लागू आहे. सहा जणांना सहा वडापाव लागतात, आणि ते लागतातच.

माझा मुद्दा तिकीट नको असा नाही. ते चुकीच्या दारावर लावलंय, असा आहे. पेंग्विनला गारवा लागतो, त्याचं तिकीट पेंग्विनच्या दारावर घ्या. पन्नास घ्या, शंभर घ्या, काचेपलीकडे बघायला ज्याला जायचंय तो देईल. वाघाच्या दालनालाही लावा. पण गोरखचिंचेच्या सावलीत बसायला आलेल्या माणसाकडून पेंग्विनचं वीजबिल का वसूल करायचं? शहरातली बाकीची बहुतेक महापालिका उद्यानं फुकट आहेत. जिथे झाडं सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्मीळ, नेमक्या त्याच बागेत झाडाखाली बसायला पैसे पडतात. सकाळी फिरणाऱ्यांसाठी मासिक पासची सोय आहे, म्हणजे वेगवेगळ्या कामासाठी वेगवेगळा दर ठेवता येतो हे कारभाऱ्यांनाही ठाऊक आहे. प्रश्न तांत्रिक असता तर केव्हाच सुटला असता. बागेच्या आत आणखी एक कुंपण आणि दोन खिडक्या, एवढ्याने भागण्यासारखं आहे.

गर्दी वाढेल, प्रेमी युगुलं येतील, असाही आक्षेप ऐकला. येऊ देत. या शहरात दोन माणसांना शेजारी बसायला जागा हवी असेल तर ती सार्वजनिक बागेत नाही तर कुठे मिळणार? मॉलमध्ये कॉफी घेऊन, म्हणजे पुन्हा तिकीटच.

बागेत प्राणी असावेत की नाहीत, याबद्दल इतर शहरांनी आपापली उत्तरं काढली आहेत. कोलकात्याने सुरुवातीपासूनच दोन वेगळे संसार मांडले. शिबपूरला १७८७ पासूनचं वनस्पती उद्यान, अलीपूरला १८७६ पासूनचं प्राणिसंग्रहालय. बंगळुरूच्या लालबागेत एकेकाळी प्राणी होते, ते गेले आणि बागेचं काही अडलं नाही. उलट लोक तिथे झाडं आणि फुलांची प्रदर्शनं बघायला जातात. पुण्याचं उदाहरण तर घरचं. पेशवे उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयाशिवाय पुणेकरांचं बालपण पुरं होत नसे. तरीही १९९९ मध्ये कात्रजला मोठं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे उद्यानातले प्राणी तिकडे हलले. फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी मात्र सारसबागेशेजारीच राहिली. पुणेकरांनी वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली असणारच, पण आज कात्रजला हिरवळीवर फिरणारे प्राणी बघून ते पुन्हा त्या गल्लीत कोंडा असं कोणी म्हणत नाही.

मुंबईत असं घडणं कठीण आहे, हे मी जाणतो. जागा नाही, आणि राजकीय खर्च मोठा. म्हणून मी सगळे प्राणी हलवा असं म्हणत नाही. पण नवा पिंजरा नको. जिराफ, झेब्रा, जॅग्वार अशी स्वप्नं दर दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रात येतात, ती नकोत. आणि शेजारची गिरणीची जमीन जी बागेला जोडली जाते, तिच्यावर पहिला हक्क झाडांचा असावा.

झाडांबद्दल अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘एकही झाड तोडलेलं नाही.’ हे उत्तर खरं असू शकतं आणि तरी फसवं असू शकतं. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं खोल जात नाहीत. बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. दालनासाठी चर खणला, त्यात ती तुटली. जड यंत्रं फिरली, माती दगडासारखी दबली, मुळांना हवा मिळेना. वर पेव्हर ब्लॉक बसवले, पावसाचं पाणी गटारात. झाड त्या दिवशी पडत नाही. पुढच्या वर्षी शेंड्याची पानं विरळ होतात. त्याच्या पुढच्या वर्षी एक मोठी फांदी वाळते आणि सुरक्षेसाठी छाटली जाते. चार-पाच पावसाळ्यांनी वादळात झाड कोसळतं आणि नोंद होते ‘नैसर्गिक आपत्ती’. तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम परत गेलेली असते.

याच आवारातलं संग्रहालय मात्र वेगळी गोष्ट सांगतं. १८७२ चं ते, पार मोडकळीला आलेलं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा करार झाला. छताच्या नक्षीपासून लाकडी कपाटांपर्यंत जाणत्या हातांनी काम केलं. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय नव्याने उघडलं. मालक तीच महापालिका, आवार तेच. इमारतीच्या वेळी आपल्याला सुचलं की हे काम संवर्धन करणाऱ्याचं आहे, रंगाऱ्याचं नव्हे. बागेच्या वेळी हे का सुचत नाही? दीडशे वर्षांच्या खांबाला हात लावण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारायचं, आणि दीडशे वर्षांच्या झाडाच्या बुंध्याशी सिमेंट ओतायला मुकादम पुरे. काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणून ठेवला. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो १८६४ मध्ये विलायतेला नेताना उचलण्याच्या यंत्रासकट कोसळून फुटला आणि त्याचे तुकडे १९१४ मध्ये इथेच जोडले गेले. शहराने जे जे टाकलं किंवा फोडलं ते या आवाराने सांभाळलं आहे.

तेव्हा मागणी अशी: बागेच्या कारभारात वनस्पतीशास्त्र जाणणाऱ्या माणसाला पशुवैद्याइतकाच अधिकार हवा, आणि त्याच्या सहीशिवाय एकही चर खणला जाऊ नये. झाडांवर मराठी, हिंदी, उर्दू पाट्या हव्यात, कारण इथे येणारी पोरं या भाषा वाचतात. शाळेची सहल आली की तिला आधी तासभर झाडं दाखवावीत, मग पेंग्विन. आणि माळ्यांची भरती हवी. कंत्राटी मजूर आळं करतो, पाणी घालतो, झाडून काढतो. तो प्रामाणिकपणे काम करतो, पण पुढच्या वर्षी तो असेलच असं नाही. बागेला लागून जाणाऱ्या रस्त्याला आपण संत सावता माळ्यांचं नाव दिलंय. आत मात्र माळ्याचं पद रिकामं ठेवायचं, हा विनोद कोणाला तरी खटकायला हवा.

उर्वशीला लागवडीत बी क्वचितच धरतं. रोप करायचं तर फांदीची साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ किंवा माती बांधायची, महिनोन्‌महिने ती गुटी ओली राहील हे बघायचं आणि मुळं फुटली की ती कापून सावलीत जगवायची. हे हाताने शिकायचं काम आहे, एका माळ्याने दुसऱ्या माळ्याला शेजारी उभं करून दाखवायचं. पेंग्विनच्या देखभालीसाठी निविदा निघतात, त्यांत माशांपासून गाळणयंत्रापर्यंत सगळं कलमवार लिहिलेलं असतं. उर्वशीच्या गुटीचं कलम अजून कुठल्या निविदेत माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि ते झाड दर वर्षी एका वर्षाने म्हातारं होतंय.